मानेनं दिलेला होकार

गिरणीचा मोठा पट्टा तुटला नसता तर काका-काकूंनी शहर बघितलंच नसतं. एकतीस वर्षं दोघांनी मिळून पिठाची गिरणी चालवली आणि त्या एकतीस वर्षांत ती सलग दोन दिवस कधी बंद राहिली नाही. लोकांना रोज भूक लागते, त्याला कोण काय करणार! सगळा गाव त्यांना काका आणि काकू म्हणायचा, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. काकांच्या भुवया पिठानं कायम पांढऱ्या. त्यामुळे ते पंचविशीतच साठीचे दिसत, आणि खरोखर साठीला आले तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सोमवारी सकाळी पट्टा फटकन तुटला. नवा कारखान्यातून यायला शुक्रवार उजाडणार होता. काकूंनी लेकीला फोनवर सांगितलं, तर ती तिकडून म्हणाली, "देवच पावला! आता तरी दोघं कुठंतरी जा." तिनंच बसची तिकिटं काढली, शहरातल्या एका चांगल्या हॉटेलात टेबल राखून ठेवलं आणि आईला बजावलं, "तिथं डबा नेऊ नकोस हं."

काकू हरखल्या. काकांना मात्र जावंसं वाटेना. कारण रात्री पिशवी भरताना काकूंनी त्यांच्यासमोर उभं राहून म्हटलं होतं, "शहरात निवांत बसू तेव्हा मला तुमच्याशी एक बोलायचंय."

"मग आत्ताच बोल की."

"आत्ता नाही. घाईचं नाही ते."

बायकोला निवांत बोलायचं असलं की कुठल्याही नवऱ्याला थोडी धडकी भरतेच. पण काकांची गोष्ट वेगळी होती. निवांत बोलायचं म्हणजे हळू बोलायचं, आणि हळू बोललेलं काकांना आता ऐकू येत नव्हतं.

हे त्यांना वर्षभरापूर्वी कळलं. पहाटे जाग आली तेव्हा उशाचं गजराचं घड्याळ त्यांच्या डोळ्यांदेखत थरथरत होतं. वरचा छोटा हातोडा दोन्ही वाट्यांवर टणाटण आपटताना दिसत होता आणि आवाज मात्र कुठंच नव्हता. त्यांनी घड्याळ हातात घेऊन कानाला लावलं, तेव्हा कुठं लांबून, दुसऱ्याच कुणाच्या घरात वाजल्यासारखं ऐकू आलं. ते घड्याळ तसंच धरून बसले. तेवढ्यात काकू उठल्या आणि म्हणाल्या, "बंद करा की आता, काय आरती करताय त्याची?"

गिरणीत हे सगळं लपून जाई. तिथं कुणालाच काही ऐकू यायचं नाही. मोटर चालू झाली की ढोल वाजवला तरी कळणार नाही, म्हणून लग्न झाल्यापासून दोघांची एक हातांची भाषा तयार झाली होती. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं की दळण बारीक हवं. मूठ वर केली की मोटर बंद कर. तळहात जमिनीकडे दाबला की थांब. गालाला हात लावला की तू जेवून घे, मी बघतो. बोटं चिमणीच्या चोचीसारखी उघडमीट केली की बडबडं गिऱ्हाईक आलं आहे, पटकन दळून दे. आणि पिठाची चिमूट घासून हात उंच केला की झकास उतरलंय, भर पोतं. काका दगडाचा अंदाज तळपायानं घेत. दगड बोथट झाला, त्याला छिन्नीनं टाकी लावायची वेळ आली, हे त्यांना फरशीतून पायाला कळे. असा माणूस बहिरा होत चाललाय असं कुणाला का वाटावं? अडचण यायची ती गिरणी बंद झाल्यावर, रात्री जेवताना. तेव्हा काका पेपर उघडून बसत. काकू म्हणत, "पेपरात तोंड घातलं की झालं!"

एवढं होतं तर सांगून टाकायचं ना! पण काकांना आपल्या वडिलांची आठवण होती. वडीलही गिरणीवालेच. म्हातारपणी त्यांना ऐकू येईना, तेव्हा ते प्रत्येक बोलण्यावर मान पुढं काढून विचारायचे, "काय म्हणालास रे?" आणि तरुणपणी हेच काका सांगायचे, "काही नाही, जाऊ द्या." दिवसातून दहा वेळा. शेवटी शेवटी म्हाताऱ्यानं विचारणंच सोडलं. कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहायचा. त्या कोपऱ्यात आता आपली खुर्ची मांडली जाणार, ह्या भीतीनं काकांनी कुणाजवळ तोंड उघडलं नाही.

तर बुधवारी भल्या सकाळी दोघं शहरात उतरले. काकूंनी नवी चप्पल घातली होती आणि अर्ध्या तासात ती चावायला लागली होती. पण तसं कबूल करतील तर त्या काकू कसल्या! रस्ता ओलांडताना काका पुढं आणि त्या मागं. मध्येच काकूंनी त्यांची बाही धरून अशी ओढली की खांद्याची शिवण उसवली. एक गाडी त्यांच्या कोपराला घासून गेली आणि आतला माणूस काच खाली करून काहीबाही बोलला.

"केव्हाचा हॉर्न वाजवतोय तो! कान काय बसमध्ये विसरलात?"

"शहरात सारखेच वाजवतात," काका म्हणाले. "कुणाकुणाचं ऐकायचं?"

मोठ्या चौकात एक उंच मनोरा होता. बाराच्या ठोक्याला त्यातली घंटा वाजते आणि ती ऐकायला लांबून लोक येतात, असं लेकीनं सांगितलं होतं. दोघं गर्दीत माना वर करून उभे राहिले. बारा वाजले. काकांना दिसलं ते असं: कबुतरांचा एक थवा भर्रकन उडाला, एका बाईनं बाळाचे कान झाकले आणि सगळे चेहरे एकदम हसरे झाले. मग त्यांच्या तळपायांना दगडी फरशीतून काहीतरी जाणवलं. एक, दोन, तीन. त्यांनी डोळे मिटून पायांनी बारा ठोके मोजले आणि त्यांना फार बरं वाटलं.

"कसा होता आवाज?" काकूंनी त्यांच्या तोंडासमोर येऊन विचारलं.

"भरदार," काका म्हणाले. ते खोटं नव्हतं.

मग वस्तुसंग्रहालय. राजांच्या तलवारी आणि राण्यांचे आरसे काकांनी भराभर उरकले. पण एका दालनात दोरीच्या पलीकडं एक जुना दळायचा दगड ठेवलेला होता, आणि तिथं त्यांची गाडी अडली. "अगं, हे बघ!" ते असे ओरडले की दालनातली सगळी माणसं दगड सोडून त्यांच्याकडं बघायला लागली. "खाचा बघ कशा उलट्या पाडल्यात! ह्यात पीठ तापणार नाही तर काय!" एवढं बोलून ते दोरी ओलांडून आत गेले आणि खाचेवरून बोट फिरवायला लागले. कोपऱ्यातला पहारेकरी ओरडला. पुन्हा ओरडला. काका आपले तल्लीन. पहारेकरी धावत निघाला तेव्हा काकू वळसा घालून काकांच्या समोर गेल्या आणि तळहात जमिनीकडे दाबला. काका जागच्या जागी थांबले.

"माझा ओरडून ओरडून घसा बसला," पहारेकरी काकूंना म्हणाला, "आणि तुम्ही नुसता हात दाखवलात!"

"एकतीस वर्षं लागली हो शिकवायला," काकू म्हणाल्या.

बाहेर पायऱ्यांवर बसून दोघं पोट धरून हसले. हसता हसता काकूंना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. काकांनी पाठ चोळली. त्यांना वाटलं, शहरातला धूर. काकूंनी तोंड पुसलं, त्यांच्याकडं बघितलं आणि काही बोलायला ओठ उघडले. मग शेजारी शाळेची सहल येऊन बसली, तेव्हा त्यांनी ते मिटून घेतले.

हॉटेलात ते साडेपाचला पोचले. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. आत गालिचा, जाड पडदे, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ. माणसं भरपूर, पण चमचा बशीला लागला तरी लोक दचकतील अशी शांतता. दोघांना समोरासमोर बसवलं. घरी असं कधी झालंच नव्हतं. एक जेवायचं तेव्हा दुसऱ्यानं गिरणी बघायची, हा शिरस्ता. रात्री एकत्र जेवायचे, पण तेव्हा मध्ये काकांचा पेपर.

काकूंनी पाण्याचा घोट घेतला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, पाणी काय गार आहे!"

नेहमीचा आवाज म्हणजे गिरणीतला आवाज. सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. वयस्कर वेटर लगबगीनं आला आणि वाकून म्हणाला, "पाण्यात काही आहे का बाई?"

काकू कानाच्या पाळीपर्यंत लाल झाल्या. "काही नाही हो, छान आहे," असं त्यांनी इतक्या हळू म्हटलं की वेटरलाच कान पुढं करावा लागला. आणि त्या क्षणापासून काकूंनी आवाज जो खाली आणला तो वर नेलाच नाही. काकांनी आयुष्यात त्यांचा एवढा बारीक आवाज ऐकला नव्हता, आणि आताही ऐकला नाही.

सूप आलं, पाव आला. काकांनी पावाचा कण चिमटीत घासून बघितला. "ह्याचं पीठ दळताना तापलंय," ते वेटरला म्हणाले. वेटरनं स्वयंपाक्याला कळवतो म्हणून गंभीरपणे मान हलवली. काकूंनी टेबलाखालून काकांना चप्पल मारली. इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग मासा आला, बटाटे आले, ते अर्धे संपले, आणि काकूंनी काटा बशीवर आडवा ठेवला.

काकांनी ओळखलं, आता ते बोलणं.

काकू बोलायला लागल्या. काकांकडं बघून बोलल्या असत्या तर त्यांनी ओठांवरून थोडंफार उचललं असतं. पण काकू टेबलक्लॉथकडं बघत होत्या, डाव्या हातानं त्यावरची नसलेली सुरकुती पुन्हापुन्हा सपाट करत होत्या. एकदा त्यांनी हात छातीवर ठेवला. एकदा बोटं उचलली, काही खूण करायला उचलावीत तशी, आणि खाली घेतली. गिरणीच्या भाषेत त्या बोलण्यासाठी खूणच नसावी. बराच वेळ त्या बोलत होत्या. काकांना दिसत होता त्यांचा नीट पाडलेला भांग आणि त्यात राहिलेलं पीठ, जे कितीही धुतलं तरी राहायचंच.

आत्ता सांगावं, काकांच्या मनात आलं. म्हणावं, अगं, मला ऐकू येत नाही, मोठ्यानं बोल. पण मोठ्यानं म्हणजे केवढ्यानं! सगळं हॉटेल पुन्हा वळून बघणार. ती पुन्हा लाल होणार. आणि आजच्या दिवशी, एकतीस वर्षांतल्या ह्या एका दिवशी, तिच्यासमोर बसणार कोण? बहिरा म्हातारा. घरी गेल्यावर विचारू, त्यांनी ठरवलं. घरी शांतपणे विचारू.

काकू थांबल्या. त्यांनी मान वर केली. काकांनी गिऱ्हाइकांशी वर्षभर जे केलं होतं तेच केलं. हसले आणि मान हलवली.

"खरंच?" काकूंच्या ओठांवर हा एक शब्द त्यांना स्वच्छ दिसला.

काकांनी पुन्हा मान हलवली. एवढ्यावर थांबले असते तरी बरं. पण काकूंच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून त्यांना वाटलं, हिला अजून थोडं खूश करावं. त्यांनी पावाचा चुरा चिमटीत घासला आणि हात उंच केला. झकास उतरलंय, भर पोतं.

काकू रडत रडत हसल्या. मग त्यांनी आपलं गोड खाल्लं, काकांचंही खाल्लं, आणि वेटरला "तुमच्या स्वयंपाक्याला नमस्कार सांगा" असं काहीतरी सांगून आल्या. परतीच्या बसमध्ये त्यांनी काकांच्या खांद्यावर, त्या उसवलेल्या शिवणीवर डोकं ठेवलं आणि झोपून गेल्या. काकांनी विचार केला, काय असेल ते असो, उत्तर तर बरोबर दिलं. आणि बरोबर आलेलं उत्तर उकरून प्रश्न कुणी विचारतं का? म्हणून घरी गेल्यावर त्यांनी विचारलं नाही.

गुरुवारचा दिवस काकू घरभर गुणगुणत होत्या. काकांना ते ऐकू आलं नाही, पण ओठ हलताना दिसले.

शुक्रवारी पट्टा आला. काकांनी बाह्या सरसावल्या आणि शिडीवर चढून तो चाकावर बसवला. काम झाल्यावर मागं वळले तर काकू दारात उभ्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. एक हात चौकटीवर, आणि चेहरा असा, जसा त्यांनी कधी बघितला नव्हता. काकांनी हसून खूण केली, चल, मोटर चालू कर. काकूंनी चौकटीवरचा हात काढला. मग पुढं आल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

त्यानंतर काकू बदलल्या. भांडल्या नाहीत, रुसल्या नाहीत. डबे उचलले, पीठ चाळलं, पोती भरली. फक्त चिमणीची चोच करून दाखवायचं त्यांनी सोडलं. बडबडी गिऱ्हाइकं येत होती, बडबडत होती, आणि काकू कोऱ्या चेहऱ्यानं त्यांची पोती भरत होत्या. रात्री काका पेपर उघडत तेव्हाही त्या काही म्हणेनात. काकांना वाटलं, वय झालं. खोकतात त्या, ते थंडीमुळे. थंडी गेली तेव्हा वाटलं, उन्हामुळे.

अशी दोन वर्षं गेली. मग लेक आपलं तान्हं बाळ घेऊन राहायला आली. एका दुपारी बाळ पाळण्यात रडून रडून काळंनिळं झालं आणि त्याच्या शेजारी काका शांतपणे पेपर वाचत बसलेले तिनं बघितले. ती काही बोलली नाही. त्यांच्या पाठीमागं गेली आणि दोनदा टाळी वाजवली. काकांनी पान उलटलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना कानाच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरबाईंनी तपासलं आणि कानात बसवायचं छोटं मशीन दिलं. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर काकांना इतका गलबला ऐकू आला की त्यांनी कठडा धरला. लेक त्यांच्याकडं बघत होती.

"किती वर्षं झाली बाबा?"

"तीनेक."

"म्हणजे शहरात गेलात तेव्हाही?"

काकांनी मान हलवली. लेक पायरीवर बसलीच.

"आई म्हणाली, बाबांनी मला शब्द दिला आणि दोन दिवसांत फिरवला. मी तुमच्याशी वर्षभर नीट बोलले नाही, ते तरी कळलं का तुम्हाला? आईनं शपथ घातली होती, म्हणून भांडले नाही."

"कसला शब्द?"

मग लेकीनं सांगितलं. डॉक्टरनं तेव्हाच काकूंना सांगितलं होतं की पीठ छातीत बसलंय, गिरणीतलं काम बंद करा. काकूंनी हे घरात कुणाला कळू दिलं नाही. आधी तिला तुमच्या कानावर घालायचं होतं, लेक म्हणाली. त्या हॉटेलात आई म्हणाली, मला दम लागतो. गिरणी भाड्यानं देऊ आणि आपण दोघं घरी बसू. खुणा पुष्कळ झाल्या, आता जरा बोलू. आणि तुम्ही हो म्हणालात. झकास म्हणालात. त्याच रात्री तिनं मला फोन केला, लहान मुलीसारखी हसत होती. मग शुक्रवारी तुम्ही शिडीवर चढलात. ती दारातून म्हणाली, "मग परवाचं?" तुम्ही मागं वळूनसुद्धा बघितलं नाहीत. तिनं पुन्हा विचारलं. मग नाही विचारलं.

काका घरी आले ते थेट गिरणीत. त्यांनी मूठ वर केली. काकूंनी मोटर बंद केली आणि बघत राहिल्या, कारण नरसाळ्यात अजून कुणाचं तरी दळण शिल्लक होतं. काकांनी दार आतून लावलं.

"त्या दिवशी मला काही ऐकू आलं नव्हतं," ते म्हणाले. "हॉटेलात. एक अक्षर नाही. आणि शिडीवर होतो तेव्हाही नाही." त्यांनी कानातलं मशीन दाखवलं.

काकू पोत्यावर बसल्या.

"मग मान का हलवलीत?"

"लाज वाटली."

"कुणाची? माझी?" काकूंनी पदरानं हात पुसले, एकेक बोट करून पुसले. "मी इकडं दोन वर्षं म्हणतेय, माणूस असा कसा निघाला. स्वयंपाक करताना म्हणतेय, पीठ चाळताना म्हणतेय."

"विचारायचंस ना पुन्हा."

"दोनदा विचारलं. तुम्ही विचारायचंत ना एकदा."

काका पुढं झाले आणि काकूंच्या समोरच्या पोत्यावर बसले, हॉटेलात बसले होते तसे, गुडघ्याला गुडघा.

"आता सांग," ते म्हणाले. "सगळं सांग, तिथं बोललीस तसंच. आता येतंय ऐकायला."

काकूंनी तोंड उघडलं. दोन शब्द बोलल्या असतील-नसतील, खोकला आला. काकांनी पाठ चोळली. खोकला थांबला तेव्हा काकूंनी डोळे पुसले, मान हलवली आणि म्हणाल्या, "काही नाही. जाऊ द्या."

काकांनी पाठीवरचा हात काढला नाही. गिरणीत काहीच चालू नव्हतं. पट्टा तुटला ते चार दिवस सोडले, तर एकतीस वर्षं आणि वर दोन, एवढी शांत ती दिवसाउजेडी कधीच नव्हती. आणि त्या शांततेत काकांना एक बारीक आवाज यायला लागला. आधी त्यांना वाटलं, मशीन वाजतंय. त्यांनी ते काढून बघितलं, तर आवाज गेला. पुन्हा लावलं, तर आला. शिट्टीसारखा, वर जाताना बारीक, खाली येताना घरघरता. मग त्यांच्या लक्षात आलं की तो त्यांच्या हाताखालून येतोय, आणि काकूंनी श्वास घेतला की वाजतोय, सोडला की वाजतोय.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

काकूंनी बोटांवर काही मोजलं आणि मध्येच सोडून दिलं. बाहेर कुणीतरी दार ठोठावत होतं. ते काकांनाही ऐकू आलं. पण ते उठले नाहीत.